खजिनदाराची वही : तरुण मंडळाच्या पैशातून मुलांना काय शिकवता येईल?



सोलापुरात राहणाऱ्याला मंडळ म्हणजे काय हे सांगायला नको. गणपती, नवरात्र, शिवजयंती, डॉ. आंबेडकर जयंती, पूर्व भागात मार्कंडेय रथोत्सव... उत्सव जवळ आला की संध्याकाळी गल्लीत लेझीमचा सराव सुरू होतो आणि पोरं पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरू लागतात. आपल्या आजोबा गणपतीची परंपरा १८८५ सालची, म्हणजे लोकमान्यांनी १८९३ च्या सुमारास पुण्यातून सार्वजनिक उत्सवाची चळवळ उभी केली त्याच्याही आधीची, असं आपण सोलापूरकर अभिमानाने सांगतो. म्हणजे चार घरांतून पैसा गोळा करून चौघांचं काम करण्याची सवय या गावाला सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

पण एक गोष्ट विचारतो. मुलाला मूर्ती कशी आणायची, मंडप कसा घालायचा, लेझीमचा डाव कसा बसवायचा हे आपण शिकवतो. गोळा झालेल्या पैशाची वही कशी लिहायची, हे कोणी शिकवतं का? खजिनदार निवडताना आपण म्हणतो, "हा पोरगा प्रामाणिक आहे, याच्याकडे द्या पैसे." झालं! प्रामाणिक असणं आणि हिशोब येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच समजल्या की काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. आजचा पाठ त्या घटनेपासूनच सुरू करतो.

सहा हजार तीनशे पन्नास रुपये

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला असेल. रात्री नऊच्या सुमारास माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. वर्गात असताना सापडलेला दहा रुपयांचा डबा मालक शोधून परत देणारा हा पोरगा. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पावती पुस्तकं, चुरगळलेली बिलं आणि एका रबरात गुंडाळलेल्या नोटा. बसला आणि म्हणाला, "सर, मी एक रुपया खाल्लो नाही ओ. पण पैसे कमी पडलेत."

तो मंडळाचा खजिनदार होता. हिशोबाच्या बैठकीत आकडे असे निघाले : पावती पुस्तकांप्रमाणे जमा ८६,५०० रुपये. बिलांप्रमाणे खर्च ७१,२०० रुपये. म्हणजे शिल्लक हवी १५,३०० रुपये. हातात होते ८,९५० रुपये. तूट ६,३५० रुपये.

बैठकीत कोणी थेट आरोप केला नव्हता. पण कोणीतरी म्हणालं, "नवीन मोबाईल घेतलास वाटतं?" एवढंच. सगळे हसले. याला ते हसू घेऊन घरी जाता आलं नाही, म्हणून माझ्याकडे आला.

आम्ही रात्री साडेअकरापर्यंत बसलो. मी त्याला फक्त प्रश्न विचारत गेलो आणि कोऱ्या कागदावर तो उत्तरं लिहीत गेला.

पहिला प्रश्न : "पावती फाडलेल्या प्रत्येकाने पैसे दिले का?" त्याने स्थळप्रती चाळल्या. तीन ठिकाणी थांबला. एक दुकानदार म्हणाला होता, "पावती देऊन जा, संध्याकाळी या." संध्याकाळ काही उजाडली नाही. १,१००, ५०१ आणि ५०० रुपये. एकूण २,१०१ रुपये आलेच नव्हते, पण जमेत धरले होते.

दुसरा प्रश्न : "बिल नसलेला खर्च कोणता?" मूर्ती आणणाऱ्या टेम्पोचं भाडं १,५००. लेझीमच्या पोरांचा चहा-नाश्ता ८४०. ऐनवेळचे हार, नारळ, कापूर ४१०. एकूण २,७५० रुपये. खर्च खरा होता, गल्लीने डोळ्यांनी पाहिलेला होता. कागदावर मात्र नव्हता.

तिसरा प्रश्न : "मोबाईलवर पैसे कोणाकोणाच्या आले?" इथे त्याने डोक्याला हात लावला. दुसऱ्या एका कार्यकर्त्याच्या नंबरवर तीन जणांनी पैसे पाठवले होते : ५०१, ३५० आणि २००. म्हणजे १,०५१ रुपये. पावत्या याने फाडल्या होत्या, पैसे त्याच्या खात्यात. त्याच्या तर लक्षातही नव्हतं.

सगळं मिळून ५,९०२ रुपये सापडले. उरले ४४८ रुपये. ते शेवटपर्यंत सापडले नाहीत. सुट्ट्या पैशांत गेले असतील, रिक्षाला गेले असतील, देव जाणे. दुसऱ्या दिवशी त्याने ते स्वतःच्या खिशातून भरले आणि हिशोबाचा कागद मंडळापुढे ठेवला. मंडळाने मान्यही केला.

पण त्यानंतर तो पोरगा मंडळात गेला नाही. आजही मिरवणूक आली की फुटपाथवर उभा राहून बघतो. एक चांगला कार्यकर्ता गेला. एका रुपयाचीही चोरी झाली नव्हती, वही नव्हती इतकंच.

या घटनेतून मी एक गोष्ट शिकलो आणि तीच या लेखाचा गाभा आहे. आपल्याला वाटतं, हिशोब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. "आपल्याच पोराला काय हिशोब विचारायचा?" असं आपण मोठ्या मनाने म्हणतो. पण हिशोबाची सगळ्यात जास्त गरज प्रामाणिक माणसालाच असते. लबाडाला वही नसलेलीच बरी. वही नसली की संशयाच्या वेळी खऱ्या माणसाकडे दाखवायला काही उरत नाही.

हा पैसा कोणाचा?

मुलांशी बोलताना नियमांपासून सुरुवात करू नका. आधी हा प्रश्न विचारा : वर्गणीचे पन्नास रुपये कुठून येतात?

आपल्या गावात याचं उत्तर फार लांब शोधावं लागत नाही. पूर्व भागातली एखादी आई घरात बसून विड्या वळते. तिला मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशोबाने. पानं कापायची, तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा, आणि कारखान्यात त्या तपासून खराब निघाल्या तर बाजूलाही काढल्या जातात. यंत्रमागावरचा कामगार रात्रपाळीत टॉवेल, चादरी विणतो. त्यांच्या घरून आलेली पन्नासची नोट आणि मोठ्या दुकानदाराची पाच हजारांची पावती ही वहीत दोन वेगळ्या ओळींत लिहिली जाते. पण जपून वापरण्याची जबाबदारी दोन्हींची सारखीच.

मुलांना तीन पाकिटांची कल्पना चटकन समजते :

१. माझं पाकीट : माझा खाऊचा पैसा. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायचं की भेळ खायची, ते मी ठरवतो.

२. घराचं पाकीट : आई-बाबांचा पैसा. आणायला सांगितलं तेवढंच आणायचं, उरलेले परत द्यायचे.

३. मंडळाचं पाकीट : सगळ्यांचा पैसा. माझ्या हातात आहे, पण माझा नाही. कशासाठी दिला त्याच कामाला लावायचा आणि सगळ्यांना सांगायचं.

घोटाळा बहुतेक वेळा चोरीने होत नाही. तिसरं पाकीट पहिल्या पाकिटात मिसळलं की होतो. "आज माझ्याकडे सुट्टे नव्हते, मंडळाच्या पैशातून पेट्रोल टाकलं, उद्या भरतो." उद्या विसरतो. परवा नक्की किती घेतले तेही विसरतो.

चोवीस वर्षांचा चिटणीस

इतिहासातलं एक उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगतो. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. तिचे चिटणीस होते मोहनदास करमचंद गांधी. वय वर्षे फक्त चोवीस! आपल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांएवढंच.

सभासदांची वर्गणी महिन्याला किमान पाच शिलिंग ठरली. उत्साहाच्या भरात लोकांनी नावं दिली, आकडे सांगितले. पण दर महिन्याला वसुली करताना गांधीजींच्या लक्षात आलं की कबूल केलेला पैसा आणि हातात आलेला पैसा यांत फार अंतर असतं. मग वर्गणी वर्षाची करण्यात आली, किमान तीन पौंड. दोन नियम त्यांनी कटाक्षाने पाळले. आलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यायची. आणि हातात पैसा असल्याशिवाय काम अंगावर घ्यायचं नाही, म्हणजे संस्थेला कर्ज होत नाही. पै-पैचा हिशोब ठेवला गेला. पुढे तीसएक वर्षांनी आत्मकथा लिहिताना त्यांनी नमूद केलं आहे की त्या १८९४ सालच्या वह्या आजही संस्थेच्या दप्तरात जशाच्या तशा सापडतील.

आता माझ्या विद्यार्थ्याचा पहिला घोटाळा आठवा. "संध्याकाळी या" म्हणणारा दुकानदार! सव्वाशे वर्षांपूर्वी डर्बनमध्येही तो होताच.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर पैसा फंड सांगा. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून लोकांकडून एकेक पैसा जमवण्याची कल्पना चालवली, लोकमान्यांनी तिला पाठिंबा दिला आणि त्या निधीतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एकेक पैसा देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला हे डोळ्यांनी दिसलं. थेंबे थेंबे तळे साचे हे खरं, पण तळ्याला बांध लागतो. हिशोब हा तो बांध.

मंडळासाठी आठ सवयी

खाली दिलेल्या सवयींना कोणतंही ॲप लागत नाही. शंभर पानी वही, पेन आणि थोडी शिस्त पुरते.

१. आधी अंदाजपत्रक, मग वर्गणी. बहुतेक मंडळं उलटं करतात. आधी मंडप-लायटिंग ठरवतात आणि मग "एवढे जमवायचे आहेत" म्हणून फिरतात. तसं केलं की वर्गणी मागण्याचा सूर बदलतो, जबरदस्ती सुरू होते. गेल्या वर्षी प्रत्यक्ष हातात किती आले ते बघा. दहा भाग आले असतील तर आठ भागांचाच खर्च ठरवा. दोन भाग अडीअडचणीला राहू द्या. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे मंडळालाही लागू आहे.

२. पैसे हातात, तरच पावती. पावती पुस्तकांना छापील क्रमांक हवेत. कोणतं पुस्तक कोणाकडे दिलं ते वहीत लिहून सही घ्यायची. पावती चुकली तर फाडून फेकायची नाही. "रद्द" लिहून स्थळप्रतीलाच जोडून ठेवायची. "नंतर देतो" म्हणणाऱ्यांची वेगळी यादी करायची. ती यादी म्हणजे जमा नव्हे.

३. मोबाईलचे पैसे मंडळाच्या खात्यात. आता पानटपरीवरही क्यूआर कोड आहे, त्यामुळे लोक वर्गणीही तशीच देतात. तो कोड कोणाच्या खात्याचा आहे हे महत्त्वाचं. मंडळाच्या नावाने बँकेत खातं काढा. बँक मंडळाचा ठराव, पॅन आणि पदाधिकाऱ्यांची कागदपत्रं मागते, थोडी धावपळ होते, पण एकदाच. पैसे काढताना अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्या लागतील असं लिहून द्या. खातं निघेपर्यंत एकाच व्यक्तीचा एकच नंबर ठरवा आणि आलेले पैसे त्याच दिवशी वहीत लिहा.

४. रोजची कीर्द रोज. उत्सवाच्या दिवसांत रात्री आरती झाली की दहा मिनिटं. आरंभीची शिल्लक, आजची जमा, आजचा खर्च, अखेरची शिल्लक. रोख आणि बँक असे दोन वेगळे रकाने पाडा. मग पेटीतली रोकड मोजा. वहीतला आकडा आणि मोजलेली रोकड जुळली की दोघांनी सही करायची. नाही जुळली तर आजची चूक आजच सापडते. दहा दिवसांनी ती सापडत नाही. माझ्या विद्यार्थ्याचे ४४८ रुपये असेच गेले.

५. बिल नसेल तर व्हाउचर. टेम्पोवाला, हलगीवाला, फुलवाला बिल देत नाही, हे मान्य. मग साध्या कागदावर तारीख, रक्कम, कशासाठी, कोणाला आणि घेणाऱ्याची सही. चहावाल्याची सही घेणं अवघड असेल तर खर्च करणाऱ्याची आणि सोबत असलेल्या एकाची सही चालेल. कार्यकर्त्याने खिशातून खर्च केला तरी व्हाउचर लिहायचं, त्याचे पैसे द्यायचे आणि सही घ्यायची.

६. ठरवणारा, देणारा आणि लिहिणारा वेगळा. मंडपाचा दर ठरवणारा, पैसे देणारा आणि वही लिहिणारा एकच माणूस असला की तो कितीही भला असो, त्याच्यावर भार येतो. तीन ठिकाणी दर विचारा, ते लिहून ठेवा, बैठकीत ठरवा आणि बैठकीच्या इतिवृत्तात दोन ओळी लिहा. मंडपवाला कोणाचा मेहुणा असेल तर त्याने ते आधीच सांगायचं आणि त्या निर्णयापुरतं गप्प बसायचं.

७. ज्या कामाला दिले, त्याच कामाला. एखाद्या काकूंनी महाप्रसादासाठी म्हणून दोन हजार दिले, तर ते लायटिंगला लावायचे नाहीत. पावतीवरच "महाप्रसादासाठी" लिहा. उरले तर काकूंना विचारा.

८. हिशोब भिंतीवर. विसर्जनानंतर पंधरा दिवसांत जमा-खर्चाचा एक पानी कागद मंडळाच्या फलकावर लावा. देणगीदारांच्या याद्या आपण मोठ्या फ्लेक्सवर लावतोच की! त्याच्या शेजारी खर्चाचा कागदही लागू द्या. गल्लीतली आजी वाचणार नाही कदाचित. पण तो लावला आहे, हे तिला कळतं. पुढच्या वर्षी पोरं दारात आली की दार लवकर उघडतं.

कायद्याचं थोडं

हा भाग पालकांनी आणि मंडळाच्या मोठ्यांनी नक्की वाचावा.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये कलम ४१ क आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो. उत्सव झाल्यावर जमा-खर्चाचा हिशोबही त्या कार्यालयात द्यायचा असतो. वर लिहिलेली रोजकीर्द असेल तर हे काम एका बैठकीत होतं. नसेल तर वर्षभर "बघू, करू" चालतं.

मंडळ कायमस्वरूपी चालवायचं असेल, अभ्यासिका, वाचनालय, व्यायामशाळा काढायची असेल तर नोंदणी करावी. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात. नोंदणी झाली की हिशोबाचं लेखापरीक्षण करून घेणं आलंच.

आणखी तीन गोष्टी. वर्गणी ऐच्छिक असते. धमकावून घेतली तर तो गुन्हा होतो, आणि त्यात अडकतात ती पोरं. दुसरं, "आमच्या पावतीवर आयकरात सूट मिळेल" असं सांगू नका. तशी मान्यता असलेल्या संस्थेलाच ते सांगता येतं, आणि तिथेही दोन हजारांवरच्या रोख देणगीला सूट नाही. तिसरं, अठरा वर्षांखालच्या मुलांना पदाधिकारी करू नका. सह्या मोठ्यांच्या, पण वही लिहायला शेजारी नववी-दहावीचं मूल जरूर बसवा. शिकण्याची तीच जागा आहे.

चूक झाली तर?

मुलांना हे आवर्जून सांगा, कारण भीतीपोटीच लहान चूक मोठी होते.

रोकड कमी पडली तर त्याच दिवशी दोघांना सांगायचं. खिशातून गुपचूप भरायचं नाही, कारण मग चूक कुठे झाली ते कधीच कळत नाही. वहीत खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. शोधूनही सापडले नाहीत तर "तूट" असं स्पष्ट लिहायचं आणि बैठकीत ठराव करायचा.

माझ्या विद्यार्थ्याला मी त्या रात्री ४४८ रुपये भरू दिले. आज वाटतं, चुकलंच माझं. ते भरून त्याने नकळत दोष स्वतःकडे घेतला. कागदावर "तूट ४४८ रुपये, कारण सापडले नाही" असं लिहून मंडळाच्या सह्या घ्यायला हव्या होत्या. हिशोब शिकवणारा मी मास्तर, पण तेवढं मला त्या वेळी सुचलं नाही.

आणि खरोखरच कोणी पैसे खाल्ले तर? कागद समोर ठेवून विचारायचं. चौकात, चारचौघांत, हसत-टोमणे मारत नाही. "नवीन मोबाईल घेतलास वाटतं?" हा प्रश्न नव्हे. "बावीस नंबरची पावती कुठे आहे?" हा प्रश्न.

वर्गात कसं घ्यावं?

नववी आणि दहावीच्या गणितात "अर्थनियोजन" हे प्रकरण येतं. त्याला जोडून एक तासिका पुरते. सहा-सहा मुलांचे गट करा, प्रत्येक गट एक मंडळ. अध्यक्ष, सचिव, खजिनदार मुलांनीच निवडायचे. मुलींनाही खजिनदार करा बरं का! घरच्या भिशीचा आणि बचत गटाचा हिशोब आई ठेवते, पण मंडळाच्या वहीशी मुलींचा संबंध येत नाही.

फळ्यावर पहिल्या दिवसाच्या नोंदी लिहा :

– रोख वर्गणी २,३०० रुपये
– मोबाईलवरून मंडळाच्या खात्यात १,२५० रुपये
– पावती पुस्तकांची छपाई (रोख) ६०० रुपये
– सुतळी, दोरी (रोख) १४० रुपये

मुलांनी रोजकीर्द लिहायची. उत्तर : रोख शिल्लक १,५६० रुपये, बँकेत १,२५० रुपये, एकूण २,८१० रुपये.

आता दोन चिठ्ठ्या काढा. पहिली : "किराणा दुकानदार म्हणाला, माझे ५०१ लिहून घ्या, उद्या देतो." दुसरी : "एका कार्यकर्त्याने खिळे-हातोडीला स्वतःचे २०० रुपये घातले, आता ते परत हवेत." पाहा, गटागटांत किती वाद होतात ते! पहिली चिठ्ठी जमेत येत नाही, फक्त येणे यादीत जाते. दुसरीचं व्हाउचर होतं आणि रोख शिल्लक १,३६० वर येते. एकूण शिल्लक २,६१० रुपये.

शेवटी एक कृती. गट "अ" ची वही गट "ब" ने तपासायची. आपली वही दुसऱ्याने तपासली म्हणजे आपला अपमान झाला नाही, हे मुलांना या एका कृतीतून कळतं. माझ्या अनुभवात हाच या तासिकेचा सगळ्यात मोठा फायदा.

चर्चेसाठी प्रश्न :

१. मंडळाकडे तीन हजार उरले. पार्टी करावी, पुढच्या वर्षासाठी ठेवावे की शाळेला पुस्तकं द्यावीत? हे कोणी ठरवायचं?
२. खजिनदार तुमचा जिवलग मित्र आहे. त्याला हिशोब विचाराल का? कसा?
३. पन्नास देणाऱ्याला आणि पाच हजार देणाऱ्याला हिशोब विचारण्याचा हक्क सारखाच आहे का?

पालकांसाठी दोन शब्द

तुमचा मुलगा किंवा मुलगी मंडळात जात असेल तर अडवू नका. चार माणसांत वावरायला, दारात उभं राहून मागायला, नकार पचवायला मंडळच शिकवतं. फक्त रात्री जेवताना विचारा, "आजची शिल्लक जुळली का?" रागाने नाही, जसं आपण "पेपर कसा गेला?" विचारतो तसं. मंडळाची रोकड घरी ठेवायची वेळ आली तर वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्यातून दुधाचे सुट्टेसुद्धा घेऊ नका. मूल बघत असतं.

आणि दारात पोरं आली की वर्गणी देताना पावती मागा. "राहू दे रे, पावती कशाला?" असं म्हणू नका. तुम्हाला ते कौतुक वाटतं, पण त्या पोराला तुम्ही बिनपावतीची सवय लावत असता. आणि उद्या त्याच्यावर कोणी संशय घेतला, तर त्याच्या बाजूने बोलणारा कागद तुम्हीच नाकारलेला असतो.

या वर्षी आमच्या गल्लीतल्या पोरांना मी वर्गणीसोबत शंभर पानी वही देणार आहे. पहिल्या पानावर रकाने आखून. आणि त्या माजी विद्यार्थ्यालाही निरोप धाडला आहे : "खजिनदार होऊ नकोस हवं तर. पण पोरांना वही कशी लिहायची ते एक दिवस येऊन शिकव." अजून हो म्हणालेला नाही. नाहीही म्हणालेला नाही. पहिल्या आरतीच्या दिवशी वाट बघेन म्हणतो.

तुमच्या शाळेत ही तासिका घेतलीत तर मुलांनी कोणत्या चिठ्ठीवर सगळ्यात जास्त वाद घातला, ते जरूर कळवा.